३/८ मैलाचा मातीचा ओव्हल: पहिल्या हीटला चिखल, मुख्य शर्यतीला धूळ

तिसरं_वळण

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये एका काउंटी जत्रेच्या मैदानावर मातीचा ओव्हल आहे, त्याबद्दल विचारायचं आहे. लांबी ३/८ मैल, म्हणजे ६०० मीटर. रुंदी सरासरी १८ मीटर. वळणांना साधारण १२ अंश उतार, सरळ पट्ट्यांना ४ अंश. मे ते सप्टेंबर दर शुक्रवारी संध्याकाळी ७ पासून शर्यती असतात. मॉडिफाइड, लेट मॉडेल आणि स्ट्रीट स्टॉक या वर्गांच्या गाड्या नेहमी, ३०५ घन इंचांच्या इंजिनाच्या स्प्रिंट कार महिन्यातून एकदा.

हाताशी आहे ते असं: १५,००० लिटरचा पाण्याचा ट्रक, एक ग्रेडर, ट्रॅक्टरला डिस्क आणि ६ फुटी रोटाव्हेटर, एक कंपन करणारा शीपफूट रोलर (ड्रमवर खुरांसारखे उंचवटे असलेला), एक टायरवाला रोलर.

सध्याचा क्रम: बुधवारी ग्रेडर फिरवून सपाट करायचं, शुक्रवारी दुपारी १२ नंतर ट्रकच्या तीन खेपा पाणी, ५ वाजता रोलर.

होतं असं की हॉट लॅपला (सरावाच्या फेऱ्यांना) चिखल उडतो, दुसऱ्या-तिसऱ्या हीटपर्यंत (मुख्य शर्यतीआधीच्या छोट्या शर्यती) ट्रॅक बरा असतो आणि तासाभरात मधली लेन काळी, चकचकीत होते. मुख्य शर्यतीला प्रेक्षकांच्या डोळ्यांत धूळ. शिवाय वरचा २ ते ३ सेंटीमीटरचा थर पापुद्र्यासारखा उखडतो, आणि तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी दर आठवड्याला खड्डे पडतात.

गेल्या वर्षी ३० ट्रक चिकणमाती आणून वर पसरली होती. यंदा प्रयोगशाळेतून माती तपासली: वाळू ३८ टक्के, पोयटा ४१, चिकण २१. नमुना सरळ पट्ट्यावरून, २० सेंटीमीटर खोलीचा.

अजून माती टाकावी का, की धूळ बसवायला कॅल्शियम क्लोराइड? पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत.

---

वापसा

माती नको आणि क्लोराइडही नको, निदान आत्ता तरी. तुमचा प्रश्न पाण्याचा आहे. पाणी कमी आहेच, पण त्याहून मोठी चूक म्हणजे ते चुकीच्या दिवशी पडतंय.

हिशेब बघा. ६०० गुणिले १८ म्हणजे १०,८०० चौरस मीटर. त्यावर १ मिलिमीटर पाणी द्यायला १०,८०० लिटर लागतात. तुमच्या तीन खेपा ४५,००० लिटरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या थोडं वर. दाबलेली माती घनमीटरला १,६०० किलो धरा. ४ मिलिमीटर पाणी मातीची ओल १० टक्क्यांनी वाढवतं, पण फक्त वरच्या अडीच सेंटीमीटरची. त्याखाली तीच कोरडी, भाजलेली जमीन. म्हणून आधी चिखल होतो, तो फेकला गेला की खालची कोरडी माती उघडी पडते आणि तिची धूळ होते. जुलैतल्या उन्हावाऱ्यात ओल्या उघड्या मातीवरून दिवसाला ५-६ मिलिमीटर पाणी सहज उडतं. तुमचं सगळं पाणी त्याहूनही कमी आहे.

ओल वरच्या १५ सेंटीमीटरमध्ये हवी. १० टक्क्यांवरची माती १५ टक्क्यांवर न्यायची तर चौरस मीटरला २४० किलो मातीत १२ किलो पाणी मुरवायचं, म्हणजे १२ मिलिमीटर. एकूण १,३०,००० लिटर, ट्रकच्या जवळपास नऊ खेपा. उडून जाणारं वेगळं. एवढं पाणी शुक्रवारी दुपारी घालता येणारच नाही, ते शनिवारपासून मुरवावं लागतं.

आपल्याकडे शेतकरी वापसा आल्याशिवाय औत घालत नाही. इथे तीच गोष्ट आहे, फक्त औताच्या जागी गाड्या आहेत. १० सेंटीमीटर खोलवरची मूठभर माती घ्या आणि लाडू वळा. तळव्याला चिकटली तर जास्त ओली. अंगठ्याने दाबल्यावर लाडवाचे दोन स्वच्छ तुकडे झाले तर बरोबर. भुगा झाला तर कोरडी. आकडा हवा असेल तर २०० ग्रॅम माती ११० अंशांच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. १७४ ग्रॅम उरली तर २६ भागिले १७४, म्हणजे १५ टक्के. ट्रॅकवर सहा ठिकाणं ठरवून ठेवा (चार वळणं, दोन सरळ पट्टे) आणि दर गुरुवारी त्याच जागांचं मोजा.

पहिल्या आठवड्याचा क्रम:

शनिवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, बाहेरच्या भिंतीजवळ साचलेला मोकळ्या मातीचा बांध ग्रेडरने खाली ओढून आणा. दिवसभर उन्हात उघडा राहिला तर तो विटेसारखा वाळतो आणि मग त्याची नुसती ढेकळं होतात. लगेच ३ मिलिमीटर पाणी द्या.

रविवारी रिपरने (जमीन फाडायचे लोखंडी दात) १५ सेंटीमीटर खोल फाडा. ढेकळं तशीच राहू द्या, त्यांच्या फटींतून पाणी खोल जातं. ४ मिलिमीटर पाणी, तीन हप्त्यांत.

सोमवारी रोटाव्हेटर, मग पुन्हा ४ मिलिमीटर. मंगळवारी लाडू बघा आणि जमला तरच शीपफूट रोलर घाला. शीपफूट तळापासून वर दाबत येतो. पहिल्या फेरीला त्याचे खूर पूर्ण रुततात, मग हळूहळू वर येतात. खूर जमिनीवरच चालू लागले की खालचं काम झालं. खूर वर यायलाच तयार नसतील तर माती जास्त ओली आहे, थांबा.

बुधवारी खुरांचे खळगे तसेच ठेवून ३ मिलिमीटर पाणी मारा. ही गोष्ट सोडू नका. १२ अंशांच्या उतारावर गुळगुळीत जमिनीवर मारलेलं पाणी आतल्या गटारात जातं, खळग्यांत मारलेलं जागच्या जागी मुरतं. गुरुवारी ग्रेडरने सपाट करून टायरच्या रोलरने वरचं तोंड बंद करा. शुक्रवारी फक्त पृष्ठभागापुरतं पाणी.

एका वेळी दीड मिलिमीटरपेक्षा जास्त नको. चकाकी गेली की पुढचा हात.

---

चिकणमाती_अडीच_टक्के

वरच्या पाण्याच्या हिशेबाशी पूर्ण सहमत. पापुद्र्याचं कारण मात्र वेगळं आहे आणि ते प्रश्नातच दडलंय.

३० ट्रक, प्रत्येकी १० घनमीटर धरले तर ३०० घनमीटर. १०,८०० चौरस मीटरवर पसरले की २.८ सेंटीमीटर. तुमचा पापुद्रा २ ते ३ सेंटीमीटरचा. उखडतेय ती गेल्या वर्षीची नवी मातीच. जुन्या, कडक, गुळगुळीत जमिनीवर ती नुसती पसरली, दोघांत सांधा बसलाच नाही. चिकणमाती वाळताना आकसते, खालची जमीन तेवढी आकसत नाही, आणि गाडीच्या मागच्या चाकांचा जोर त्या सांध्यावर येतो. पोळीचा पापुद्रा सुटावा तसा थर सुटतो.

नमुना २० सेंटीमीटर खोलीचा घेतलात, म्हणजे २१ टक्के चिकण हा जुन्या मातीचा आकडा. नव्या मातीत ४५ टक्के चिकण आहे असं धरू. १२ सेंटीमीटर जुनी आणि ३ सेंटीमीटर नवी एकजीव केली तर १५ सेंटीमीटरच्या थरात जवळपास २६ टक्के येतात. ते पुरेसं आहे. नवी माती विकत घ्यायची गरजच नाही, ती तुमच्या ट्रॅकवरच पडलेली आहे, फक्त खालपर्यंत मिसळायची राहिलीय. रविवारची १५ सेंटीमीटरची फाडणी म्हणूनच महत्त्वाची. रोटाव्हेटरच्या दोन फेऱ्या एकमेकींना तिरक्या मारा, नाहीतर पट्टे राहतात.

मिसळल्यावर काचेच्या बरणीत बघून घ्या. बरणीचा तिसरा हिस्सा माती, वर पाणी, भांडी घासायच्या साबणाचे काही थेंब, आणि पाच मिनिटं जोरात हलवायचं. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, पोयट्याला दोनेक तास लागतात, चिकण दुसऱ्या दिवशीपर्यंत बसते. प्रत्येक रेषेवर पेनाने खूण करा. प्रयोगशाळेइतकं अचूक नाही, पण आठ ठिकाणच्या बरण्या शेजारी ठेवल्या की कुठे मिसळलं नाही ते डोळ्यांना दिसतं.

चिकण जितकी जास्त तितका ट्रॅक चांगला, हा समज मात्र सोडा. नुसती चिकणमाती पाणी लवकर पीत नाही, प्यायली की घसरडी होते, वाळली की भेगाळते. वाळू चाकाला घासण देते, चिकण ती वाळू धरून ठेवते. खरा त्रास ४१ टक्के पोयट्याचा आहे. त्याला ना वाळूची घासण, ना चिकणीची पकड, आणि धूळ मुख्यतः त्याचीच होते. पुढे कधी माती आणलीत तर पोयटा कमी असलेली बघा आणि आणण्याआधी तपासा. आयोवातल्या नॉक्सव्हिलच्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकची काळी गंबो माती (चिकट, जड चिकणमाती) नावाजलेली आहे म्हणून तशीच हवी असा हट्ट अनेक जण धरतात. पण तिथलं पाणी देण्याचं वेळापत्रक त्या मातीला जुळलेलं आहे. माती आणली आणि सवयी जुन्याच ठेवल्या तर फायदा नाही.

अजून एक. धुळीबरोबर जातात ते बारीक कण. म्हणजे प्रत्येक धुळीच्या रात्री ट्रॅकमधली चिकण थोडी कमी होते आणि पुढच्या आठवड्याला ओल धरणं आणखी अवघड होतं.

---

ग्रेडरवाला

वापसा यांचा क्रम पहिल्या आठवड्यासाठी उत्तम. पण दर आठवड्याला १५ सेंटीमीटर फाडू नका, कळकळीने सांगतोय. पाया दाबून घट्ट व्हायला वेळ लागतो. दर रविवारी तो उलटा केलात तर शुक्रवारपर्यंत तो आतून मऊच राहतो, वर कवच आणि खाली लापशी. त्यातूनच सगळीकडे खड्डे पडतात. माझ्या मते खोल फाडणी चार-पाच आठवड्यांतून एकदा, एरवी वरचे ५ सेंटीमीटर पुरेत. पायाच्या थरात ओल टिकवायची ती वरून सतत थोडं पाणी देऊन आणि तोंड बंद ठेवून.

दुसरं, आकाश बघितल्याशिवाय रिपर खाली सोडू नका. पुढचे ४८ तास कोरडे असतील तरच. फाडलेल्या ट्रॅकवर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर ते सगळं पाणी आत राहतं आणि त्या आठवड्याची शर्यत गेलीच. पाऊस येणार असेल तर उलट करा: ग्रेडरने गुळगुळीत, रोलरने घट्ट, म्हणजे पाणी उतारावरून गटारात जाईल. पाऊस थांबल्यावर लगेच ग्रेडर चढवू नका, त्याच्याच चाकोऱ्या पडतील. वरचा गाळ थोडा आवळला की पातं हलकं धरून तेवढाच काढायचा.

आता तिसऱ्या वळणाचे खड्डे. दोन प्रश्न: पाण्याचा ट्रक ट्रॅकवर कुठून येतो? आणि नळ कधी उघडतो?

---

तिसरं_वळण

सगळ्यांचे आभार. ३० ट्रकचा हिशेब वाचून सकाळीच कुदळ घेऊन बघितलं: पापुद्र्याखाली जुनी जमीन आरशासारखी गुळगुळीत आहे.

ट्रकचं फाटक मागच्या सरळ पट्ट्याच्या शेवटी आहे, म्हणजे तिसऱ्या वळणाच्या अगदी आधी. ट्रक आत येऊन थांबतो, ड्रायव्हर नळ उघडतो आणि निघतो. पंप मिनिटाला १,५०० लिटरचा, फवाऱ्याची रुंदी ६ मीटर.

---

ग्रेडरवाला

मग खड्ड्यांचं मूळ तिथेच आहे.

ताशी १५ किलोमीटर म्हणजे मिनिटाला २५० मीटर. गुणिले ६ मीटर, १,५०० चौरस मीटर. १,५०० लिटर त्यावर पडले की बरोबर १ मिलिमीटर. तोच ट्रक ताशी ५ किलोमीटरने सरकत असेल तर ३ मिलिमीटर. थांबलेला असताना नळ उघडला तर त्या जागेला मोजमापच नाही. म्हणजे तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी बाकी ट्रॅकच्या तिप्पट पाणी, दर फेरीला, दर आठवड्याला. तिथली जमीन आतून भिजलेली आणि मऊ. गाड्या पूर्ण वेगाने येऊन नेमक्या तिथेच ब्रेक मारून वळतात, सगळं वजन पुढच्या उजव्या चाकावर येतं. खड्डा पडणारच.

उपाय सोपा. ट्रक आधी वेगात आणा, मग नळ उघडा. नळ बंद केल्यावरच वेग कमी करा. सुरुवातीची जागा दर फेरीला बदला. वळणात शिरताना ड्रायव्हर नकळत वेग कमी करतो, तिथेही पाणी वाढतं. त्याला ठराविक गिअर आणि इंजिनाचे ठराविक फेरे (आरपीएम) धरून चालवायला सांगा.

उताराचाही विचार करा. १८ मीटर रुंदी म्हणजे फवाऱ्याचे तीन पट्टे. वरच्या पट्ट्याला दोन हात, मधल्याला एक, खालच्याला बहुतेक वेळा काहीच नाही, वरून ओघळतं तेवढं पुरतं. तीनही पट्ट्यांना सारखं दिलं तर तळाला डबकं आणि भिंतीजवळ वाळवंट.

तळ्यातून पाणी भरत असाल तर गाळणी रोज धुवा. एक नोझल तुंबला की ट्रॅकभर एक कोरडी रेघ राहते. दिवसा ती दिसत नाही, रात्री दिव्याखाली तिथूनच धूळ उठते.

आहेत त्या खड्ड्यांत मोकळी माती ओढून भरू नका. ती तीन फेऱ्यांत बाहेर उडते आणि मागच्या गाडीच्या रेडिएटरवर जाते. खड्ड्याभोवती चौकोन आखा, कडा सरळ उभ्या कापा, १५ सेंटीमीटर खोल, मऊ लागलं तर आणखी. तळ कुदळीने खरवडा. मग ट्रॅकचीच माती, त्याच ओलीची, ७ सेंटीमीटरच्या थरांत भरून प्रत्येक थर धुमसाने चोपा. इंजिनवाला रॅमर असेल तर उत्तम, हाताचा धुमसही चालतो, वेळ जास्त लागतो एवढंच. भरलेला भाग अर्धा सेंटीमीटर वर ठेवा, चाकांनी बसतो. दगड दिसेल तो वेचून बाजूला. २० मिलिमीटरच्या वरचा दगड मागच्या ड्रायव्हरच्या हेल्मेटवर गोळीसारखा येतो.

---

पहिली_हीट

शुक्रवारबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आठवडाभराची मेहनत शुक्रवारी दुपारच्या तीन तासांत वाया जाऊ शकते.

दुपारी २ च्या सुमारास अर्धा मिलिमीटर, पुन्हा ४ ला तेवढंच. ५ पर्यंत वरचा थर बोटाला चिकटेल पण बोटावर उरणार नाही असा हवा. मग चाकांनी दाबणं. जुने पिकअप, पुश ट्रक (स्प्रिंट कार ढकलून सुरू करणारे) आणि साध्या टायरच्या गाड्या ताशी ४०-५० किलोमीटरने फिरवा. आतल्या कडेपासून सुरुवात करून दर फेरीला एक टायर वर सरकायचं. चाक घसरवायचं नाही, गरगर फिरवायचं नाही. खळं करताना पाणी मारून, भुसा टाकून बैल गोल फिरवतात आणि जमीन दगडासारखी होते, अगदी तेच काम. सगळ्या गाड्या एकाच रेषेत फिरल्या तर तेवढीच लेन दाबली जाते आणि रात्रभर शर्यत त्या एका लेनमध्येच अडकते. म्हणून एक माणूस झेंडा घेऊन उभा करा आणि गाड्या वर-खाली करायला लावा.

गाड्यांचा क्रमही विचारात घ्या. स्ट्रीट स्टॉकसारख्या जड गाड्या ओली माती दाबतात. स्प्रिंट कार हलक्या आणि ताकदवान, त्या माती उकरून भिंतीकडे फेकतात. स्प्रिंट कार असलेल्या रात्री मध्यांतरात भिंतीजवळचा बांध पाहा. चाकाच्या अर्ध्याहून उंच झाला असेल तर ग्रेडरने थोडा खाली आणा, नाहीतर गाडी त्यावर चढून उलटते.

मध्यांतरात मधली लेन काळी दिसायला लागली की बहुतेक जण घाबरून पाणी ओततात. काळ्या, घट्ट, चकचकीत जमिनीवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे तेल. ते आत जात नाही. आधी वरचा एक-दीड सेंटीमीटर खरवडा: डिस्क अगदी सरळ ठेवून, किंवा दातेरी पातं. मग ०.४ मिलिमीटर, म्हणजे सगळ्या ट्रॅकला ४,३०० लिटर, आणि दाबायला गाड्यांच्या पंधरा-वीस फेऱ्या. पूर्ण काम २५ ते ३० मिनिटांचं. वेळापत्रकात तेवढी जागा ठेवायला आयोजकांना आधीच राजी करा, ऐनवेळी कुणी ऐकत नाही.

काळेपणा दोन तऱ्हेचा असतो, हे ओळखायला शिका. एक, माती घासून गुळगुळीत झालेली: पकड कमी, पण गाड्या वेगवेगळ्या लेन शोधतात आणि शर्यत रंगते. दुसरा, टायरचं रबर जमिनीवर बसलेलं: तिथे पकड एकदम वाढते, सगळ्या गाड्या त्या एका पट्ट्यात येतात, ओव्हरटेक बंद, टायर झिजून फाटतात. रबर बसायला लागलं की त्या पट्ट्यावर पाणी मारून काही होत नाही, खरवडावंच लागतं. ते शनिवारी काढून बाजूला टाका, मातीत मिसळू नका.

---

वापसा

पहिली_हीट यांचं मध्यांतराचं वर्णन छापून ट्रकच्या काचेवर चिकटवावं असं आहे.

चिखल आणि धूळ एकाच ट्रॅकवर तीन दिवसांत कशी येते याचं जगजाहीर उदाहरण आहे. टेनेसीतल्या ब्रिस्टलच्या काँक्रीटच्या ट्रॅकवर २०२१ साली नॅसकार या अमेरिकी शर्यत संस्थेने आपल्या सर्वोच्च, म्हणजे कप मालिकेची शर्यत मातीवर घेतली. काँक्रीटवर लाकडाचा भुसा, त्यावर माती. शनिवारी पावसानंतर हीट सुरू केल्या तर लगेचच चिखलाने काचा आणि रेडिएटरच्या जाळ्या भरल्या, हीट रद्द झाल्या. रविवारी पाऊस, शर्यत सोमवारवर, २९ मार्चला गेली. सोमवारी भर दुपारी ऊन, आणि इतकी धूळ की पुढे रीस्टार्टला गाड्या एकापाठोपाठ एक सोडाव्या लागल्या. पुढच्या वर्षी शर्यत संध्याकाळी घेतली. त्यातून माझा निष्कर्ष: ऊन मावळल्यानंतरच्या शर्यतीला निम्मं काम निसर्ग करतो. शिवाय मातीखाली काँक्रीट असलं की जमिनीतून ओल वर चढत नाही. तुमच्या ट्रॅकखाली खरी जमीन आहे, तो मोठा फायदा आहे, तो कोरडा पडू देऊ नका.

मुख्य शर्यत साडेनऊच्या आत नको. ऊन असताना हीट उरका.

---

तिसरं_वळण

क्लोराइडचा प्रश्न राहिला. समितीतले काही जण त्यावरच अडून बसलेत.

---

चिकणमाती_अडीच_टक्के

कॅल्शियम क्लोराइड हवेतला ओलावा ओढून घेतं, पण आर्द्रता साधारण ३० टक्क्यांच्या वर असेल तेव्हाच. इलिनॉयच्या उन्हाळ्यात तेवढी असतेच, म्हणजे काम करेल. कच्च्या रस्त्यांवर धूळ बसवायला चौरस मीटरला ०.८ किलो पापडीच्या रूपातलं क्लोराइड वापरतात. तुमच्या ट्रॅकला त्या दराने ८,६०० किलोच्या वर. पण ते रस्त्याचं माप आहे. शर्यतीच्या ट्रॅकवर वरून टाकलं तर दमट रात्री पृष्ठभाग तुपकट होतो. ट्रॅकवर ते रोटाव्हेटरच्या वेळी वरच्या १० सेंटीमीटरमध्ये मिसळायचं, निम्म्याच मापाने सुरुवात करायची, आणि त्यावर पुन्हा पाणी द्यायचंच. पाण्याची जागा ते घेत नाही, दिलेलं पाणी उशिरा उडू देतं, एवढंच.

मोठ्या पावसात ते धुवून जातं, गटार जिथे जातं तिथलं गवत जळतं, विहिरीच्या पाण्यात क्षार उतरतो. गाड्यांचे अॅल्युमिनियमचे भाग गंजतात, त्याच रात्री धुवाव्या लागतात आणि हे चालकांना आधी सांगायला हवं. समितीला म्हणावं, चार आठवडे पाण्याचा क्रम पाळा आणि सहा ठिकाणचे आकडे लिहा. गुरुवारी १० सेंटीमीटर खाली १४-१५ टक्के ओल असूनही मुख्य शर्यतीला धूळ उठली तर क्लोराइडचा विचार करा. त्या पैशांतून आधी ट्रकला दुसरा पंप आणि वेगवेगळे बंद करता येणारे नळ बसवा.

---

माळरान

थोडं वेगळं विचारतो. फलटणजवळ मोटरसायकलच्या फ्लॅट ट्रॅकसाठी २०० मीटरचा छोटा ओव्हल करायचा आहे, रुंदी ८ मीटर, उतार जवळजवळ नाही. जागेवर काळी माती, जवळ मुरमाची खाण. नुसत्या काळ्या मातीवर चालेल का?

---

चिकणमाती_अडीच_टक्के

नुसत्या काळ्या मातीवर नाही. ती ओली झाली की फुगते, वाळली की हातभर भेगा पडतात, बाइकच्या चाकाला ते धोक्याचं. नुसता मुरूमही नको, त्याला पकड नसते आणि कडेचे खडे पायाला लागतात.

वरची काळी माती ३० सेंटीमीटर काढून कडेला ढीग करा. खाली मुरूम १५ सेंटीमीटर, पाणी मारून रोलरने घट्ट. त्यावर १५ सेंटीमीटरचा चालायचा थर: १० मिलिमीटरच्या चाळणीतून काढलेला बारीक मुरूम तीन भाग, काळी माती एक भाग. काळी माती एप्रिल-मेच्या उन्हात तापून भुसभुशीत झालेली घ्या. ओली ढेकळं घातली तर रोटाव्हेटरच्या दहा फेऱ्यांनीही फुटत नाहीत, पुढे त्यांच्याच जागी घसरडे ठिपके होतात. कोरडं मिसळा, तिरक्या तीन फेऱ्या, मग पाणी. उतार नाही म्हणता, पण आतल्या कडेकडे २ टक्के तरी ठेवा आणि आत गटार काढा, नाहीतर पहिल्या वळवाच्या पावसात तळं होईल.

क्षेत्रफळ १,६०० चौरस मीटर, म्हणजे १०,००० लिटरच्या टँकरने ६ मिलिमीटर होतात. पहिल्या भिजवणीला दोन टँकर. उन्हाळ्यात तिथे दिवसाला १० मिलिमीटर सहज उडतं, म्हणून सराव सकाळी ६ ते ९. पाणी आदल्या संध्याकाळी मारा, रात्रभर मुरू द्या. सराव संपला की फळी फिरवून वरचं सपाट करा आणि लगेच थोडं पाणी.

बाइक हलकी असते, ती जमीन दाबत नाही, नुसती खरवडते. म्हणून गाड्यांच्या ट्रॅकवर जे काम चाकं करतात ते तुमच्याकडे रोलरनेच करावं लागेल, दर तीन-चार सरावांनंतर.

---

ग्रेडरवाला

@तिसरं_वळण, एक राहिलं. रविवारी फाडायच्या आधी पापुद्र्याखालचा तो आरसा रिपरने खरंच फुटतोय का ते पहिल्या ५० मीटरला उतरून बघा. जुन्या ट्रॅकवर रिपरचे दात कधी कधी वरच्या वर घसरत जातात आणि वरून मात्र सगळं फाटल्यासारखं दिसतं. तसं झालं तर दातांची संख्या निम्मी करा, म्हणजे उरलेल्या दातांवर वजन वाढेल, आणि आदल्या दिवशी त्या पट्ट्याला २ मिलिमीटर पाणी जास्त द्या.